घरी बनवलेलं पिक अँड प्लेस मशीन, ओपनपीएनपी आणि न जाणारा ०.४ मिमीचा फरक

पंपवाला_नाशिक · रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं म्हणून.

अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर आणि फेज गेला की मोटर बंद करणारे कंट्रोलर बनवतो. महिन्याला ८० ते १०० बोर्ड. एका बोर्डावर ६४ एसएमडी पार्ट (थेट बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर होणारे बारीक पार्ट), बहुतेक ०६०३ आणि ०८०५ मापाचे, दोन एसओआयसी चिप आणि एक ३२ पायांचा मायक्रोकंट्रोलर. इतकी वर्षं आई आणि वहिनी चिमट्याने पार्ट लावतायत, सोल्डर पेस्ट मी मारतो. वहिनीची मान गेल्या वर्षीपासून धरते, डॉक्टरांनी वाकून बसायचं कमी करा सांगितलंय. तेव्हाच ठरवलं की पार्ट उचलून बोर्डवर ठेवणारं पिक अँड प्लेस मशीन बनवायचं, विकतचं परवडत नाही.

आठ महिने लागले. ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनची फ्रेम, एमजीएन १२ रेल, जीटी २ बेल्ट, २० दातांच्या पुली, नेमा १७ मोटर. हेड एकच, नोझल फिरवायला पोकळ शाफ्टची नेमा ११, नोझल जुकीच्या ५०३ आणि ५०५. कंट्रोलर म्हणजे ३डी प्रिंटरचा ३२ बिट बोर्ड, त्यात मार्लिन फर्मवेअर. दोन यूएसबी कॅमेरे, एक हेडवर खाली बघणारा, एक बेडमध्ये वर बघणारा. कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर ओपनपीएनपी २.

मशीन चालतं. होम होतं, पार्ट उचलतं, बोर्डवर नेऊन ठेवतं. पण जिथे ठेवायचं तिथे ठेवत नाही. जवळजवळ सगळे पार्ट माझ्या बाजूला, म्हणजे वाय मायनसला, ०.४ मिमीच्या आसपास सरकलेले असतात. काही त्यात अजून इकडेतिकडे. आणि मध्येच जॉब थांबवून पार्टची पट्टी (स्ट्रिप) बदलली की पुढचे पार्ट तर एकेक मिमी लांब पडतात. दुपारी बॉटम व्हिजन (उचललेला पार्ट खालच्या कॅमेऱ्याने बघणं) फेल होतं म्हणून रेझिस्टर कपॅसिटरचं व्हिजन मी बंदच करून टाकलंय. बॅकलॅशचे (दिशा बदलताना राहणाऱ्या ढिलाईचे) आकडे बदलून बघितले, स्टेप्स पर मिमी (एका मिमीला मोटरचे किती टप्पे) बदलून बघितले, शेवटी सेटिंगची मशीन डॉट एक्सएमएल फाइल उघडून नोझलचा ऑफसेट (कॅमेरा आणि नोझलमधलं अंतर) हाताने ०.४ ने वाढवला, तर पार्ट बरोबर बसले पण आता उचलतानाच चुकतंय, पार्ट कडेला धरतं. पंधरा दिवस झाले इथेच अडकलोय. कुठून सुरुवात करू?

रेणुका_पुणे · सोमवार, सकाळी ७:५५

दादा, आधी अभिनंदन, आठ महिन्यांत हेड हलतंय, पार्ट उचलतंय म्हणजे अवघड भाग झालाय. मी ऑफिसच्या प्रोटोटाइप लॅबमध्ये ओपनपीएनपी चार वर्षं वापरतेय.

पहिलं काम, तो हाताने घातलेला ०.४ काढून टाका. उचलतानाही तोच ऑफसेट वापरला जातो, त्यामुळे एकीकडे बरोबर आणलं की दुसरीकडे चुकणार, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. आणि एक्सएमएलला हात लावायचाच असेल तर सॉफ्टवेअर बंद करून लावा. बंद होताना ते स्वतःच्या मेमरीतलं सगळं परत फाइलवर लिहितं, मधे केलेला बदल पुसला जातो. त्याच फोल्डरमध्ये बॅकअप्स नावाचं फोल्डर असतं, त्यातली जुनी मशीन फाइल परत आणता येईल.

दुसरं, इश्यूज अँड सोल्युशन्स हा टॅब वापरलात का? बरेच जण तो इशाऱ्यांची यादी समजून बाजूला ठेवतात. खरं तर सगळं कॉन्फिगरेशन त्याच क्रमाने करायचं असतं. आधी कनेक्ट, मग बेसिक्स, मग कायनेमॅटिक्स, व्हिजन, कॅलिब्रेशन. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. बॅकलॅश तो स्वतः कॅमेऱ्याने मोजतो, आपण आकडे ठोकून द्यायची गरज नाही.

आता मला एवढं सांगा: जी-कोड ड्रायव्हरमध्ये मूव्ह टू कम्प्लीट कमांडला एम ४०० (हालचाल पूर्ण होईपर्यंत थांब) आहे का? नसेल तर हेड पोचायच्या आधीच कॅमेरा फोटो काढतो आणि मग कुठलंच कॅलिब्रेशन धड होत नाही. स्टेप्स पर मिमी किती? आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन कुठल्या उंचीवर केलं, बेडवर की बोर्डच्या उंचीवर?

उद्यमनगर_टूलरूम · सोमवार, दुपारी १:१०

सॉफ्टवेअर मला फारसं येत नाही पण ३० वर्षं टूलरूममध्ये काढल्यात, कोल्हापुरात, आणि पोराबरोबर असलंच एक मशीन जोडलंय. एक सांगतो मालक. चूक किती आहे हे नंतर. चूक कशी वागते ते आधी बघायचं.

सगळे पार्ट एकाच दिशेला सारखे सरकले तर ती एक गोष्ट. होमपासून लांब जाईल तशी चूक वाढत गेली तर स्टेप्स चुकल्यात नाहीतर गॅन्ट्री (हेड वाहणारा आडवा दांडा) गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पार्ट फिरवला की चूकपण त्याच्याबरोबर फिरते, तर नोझल वाकडी फिरतीय. आणि प्रत्येक वेळी वेगळीच येत असेल तर कुठंतरी ढिलं आहे, पुलीचा ग्रब स्क्रू, बेल्ट, कपलिंग, काहीतरी. तुमच्यात एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र झाल्यात असं वाटतंय म्हणून तुम्हाला दिसंना झालंय.

तर असं करा. पेस्ट बाजूला ठेवा. एक कोरा बोर्ड घ्या, त्याच्यावर डबल टेप लावा, सुरकुती नको. ०८०५ चे रेझिस्टर घ्या आणि त्याच टेपवर १६ पार्ट ठेवायला लावा, चार ० अंशात, चार ९० मध्ये, चार १८० मध्ये, चार २७० मध्ये. चार कोपऱ्यांत वाटून ठेवा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात चारही अंश आले पाहिजेत. मग वरचा कॅमेरा प्रत्येक पार्टच्या मध्यावर आणून किती चुकलंय ते वहीत लिहा, एक्स वेगळा, वाय वेगळा. तेवढी वही इथं टाका.

सांगलीचा_पोरगा · सोमवार, दुपारी ३:३०

मध्येच विचारतोय, माफ करा. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्हाला प्रोजेक्टला असं काहीतरी करायचंय. हे ओपनपीएनपी नक्की काय आहे, मशीनबरोबर येतं का? आणि मार्लिन तर ३डी प्रिंटरचं ना?

रेणुका_पुणे · सोमवार, सायंकाळी ६:२०

अरे विचार ना. ओपनपीएनपी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर, जावामध्ये लिहिलेलं, जीपीएल लायसन्सचं, फुकट. जेसन व्हॉन नीडा यांनी सुरू केलं, नंतर जगभरातल्या लोकांनी वाढवलं. ते कुठल्या एका मशीनचं नाही, बोर्डची फाइल वाचायची, कॅमेऱ्यात बघायचं, कुठे जायचं ते ठरवायचं, एवढं त्याचं काम. प्रत्यक्ष मोटर फिरवायचं काम कंट्रोलरमधल्या फर्मवेअरचं. ते मार्लिन असू शकतं, स्मूदीवेअर असू शकतं, ड्युएट असू शकतं. दोघांमधली भाषा म्हणजे जी-कोड. मार्लिन प्रिंटरसाठीच जन्मलं पण त्याला एक्स वाय कुठला आणि प्लास्टिक कुठलं याच्याशी देणंघेणं नाही. ओपुलो कंपनीचं लुमेनपीएनपी नावाचं जे खुलं मशीन आहे त्यातही मार्लिनच आहे. त्याच्या डिझाइन फाइल्स सगळ्या उघड आहेत, प्रोजेक्टला आधी त्या वाचून काढ, हेड कसं बांधलंय ते बघूनच अर्धं कळतं.

पंपवाला_नाशिक · मंगळवार, रात्री १०:१५

ताई, काका, खूप आभार. आज दिवसभर तेच केलं.

आधी ताईंची उत्तरं. एम ४०० होतं. स्टेप्स ८०, कारण २० दाताच्या पुलीला एका फेऱ्यात ४० मिमी जातं आणि १६ मायक्रोस्टेपला ३२०० स्टेप्स. मी मध्ये ते ८०.२ करून ठेवलं होतं, परत ८० केलं. जुनी मशीन फाइल बॅकअपमधून आणली. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन बेडवर चिकटवलेल्या कागदी फिड्यूशलवर (कॅमेऱ्यासाठीच्या खुणेवर) केलं होतं. नोझलचा ऑफसेट पण तिथेच. बोर्ड मात्र जिगवर (बोर्ड धरणाऱ्या साच्यावर) बसतो, बोर्डचा वरचा पृष्ठभाग बेडपासून १६ मिमी वर आहे.

आता काकांची टेपची चाचणी. १६ पार्ट ठेवले, वही समोर आहे. वायमध्ये सरासरी मायनस ०.४, चारही कोपऱ्यांत तेवढंच, लांबच्या कोपऱ्यात वाढत नाही. एक्सची सरासरी जवळपास शून्य. पण प्रत्येक कोपऱ्यातले चार पार्ट बघितले तर ते त्या सरासरीभोवती गोल फिरतात, ० अंशाचा उजवीकडे, ९० चा मागे, १८० चा डावीकडे, २७० चा पुढे. गोलाची त्रिज्या ०.१२ च्या आसपास. चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा ०.०३ च्या आत तेच आलं.

पंधरा दिवस मी सगळ्या पार्टकडे एकत्र बघत होतो. चार वेगळे करून बघितल्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

उद्यमनगर_टूलरूम · बुधवार, सकाळी ९:०५

शाब्बास. वही बोलली बघा. दुसऱ्यांदाही तेच आलं म्हणजे तुमचं मशीन ढिलं नाही, बेल्ट चांगला ओढलाय. लांबच्या कोपऱ्यात वाढत नाही म्हणजे हा ०.४ स्टेप्सचा किंवा गॅन्ट्रीचा दिसत नाही. राहिल्या दोन गोष्टी. गोल फिरतंय ते नोझलचं रनआउट, म्हणजे ती मध्यावर न फिरणं, ते रेणुकाताई सांगतील. सरळ ०.४ आहे ते माझ्याकडं.

तुमचा कॅमेरा सरळ खाली बघत नाही. पुढंमागं कललाय. कसं ते बघा, तुम्ही ऑफसेट बेडवर काढला, तिथं कॅमेऱ्याचा मध्य आणि नोझल एकाच ठिकाणी येतात. पण बोर्ड १६ मिमी वर आहे. कॅमेऱ्याची नजर तिरकी असली की १६ मिमी वर तिचा मध्य दुसरीकडं पडतो, नोझल मात्र सरळ खाली उतरती. १६ मिमीला ०.४ म्हणजे मिमीला ०.०२५, दीड अंशापेक्षा थोडं कमी. डोळ्याला दिसणार नाही एवढं, पण पार्टला पुरेसं.

तपासायला एक साधा आरसा घ्या. लहान, सपाट, खिशातला चालेल. बेडवर कॅमेऱ्याखाली ठेवा, बेड सपाट आहे ना ते आधी बघा. आता स्क्रीनवर कॅमेऱ्याला स्वतःचीच लेन्स दिसंल. कॅमेरा लंबात असेल तर लेन्सचा मध्य बरोबर क्रॉसहेअरवर (स्क्रीनच्या मधल्या फुलीवर) येतो. बाजूला दिसला तर तेवढा कललाय. लाइटची रिंग बंद करा आणि टॉर्च बाजूनं धरा, नाहीतर लखलखाटात काही दिसणार नाही.

मग ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. तुमच्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टात अंतर किती आहे? २० मिमी असेल तर ०.०२५ गुणिले २०, अर्ध्या मिमीची शिम लागंल.

श्टुटगार्टकर · बुधवार, दुपारी ४:४५

आरशाची युक्ती फारच आवडली काका, आमच्याकडे उद्याच करून बघतो.

पंपवाले भाऊ, तुमची तिसरी तक्रार कोणी घेतलीच नाही, जॉब थांबवला की पुढचे पार्ट एकेक मिमी लांब. थांबता तेव्हा साधारण किती वेळ जातो? दोन मिनिटांपेक्षा जास्त का? माझा अंदाज असा की मार्लिन मोटर सोडून देतंय. मार्लिनमध्ये काही हालचाल झाली नाही की मोटरचा करंट बंद करायची सोय असते आणि मूळ सेटिंग १२० सेकंदांची आहे. प्रिंटरला ठीक आहे. आपल्या हेडवर व्हॅक्यूमची नळी आणि केबल चेन ओढत असते, करंट गेला की हेड थोडं सरकतं, आणि ओपनपीएनपीला वाटतं आपण आहे तिथेच आहोत. थांबल्यावर हेडला बोटाने ढकलून बघा, सहज सरकलं तर हेच.

उपाय छोटा आहे. ड्रायव्हरच्या कनेक्ट कमांडमध्ये जी २१, जी ९० असेल, त्याच्याखाली एका ओळीत एम ८४ एस ० टाका. एस ० म्हणजे वेळ झाली म्हणून मोटर सोडू नकोस. एस न लिहिता नुसतं एम ८४ लिहू नका, त्याने मोटर लगेच सुटतात.

दोन कॅमेरे एकाच यूएसबी हबवर आहेत का? असतील तर वेगळ्या पोर्टवर घ्या आणि फॉर्मॅट एमजेपीजी ठेवा, त्यात चित्र दाबून येतं. ७२०पी चं कच्चं चित्र ३० फ्रेमला सेकंदाला ५५ मेगाबाइट खातं आणि यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ६० आहे, दुसऱ्या कॅमेऱ्याला काही उरत नाही.

पंपवाला_नाशिक · गुरुवार, रात्री ११:२०

बोटाने ढकललं आणि हेड लोण्यासारखं सरकलं. स्ट्रिप बदलायला मला तीनेक मिनिटं लागतात, म्हणजे दर वेळी मोटर सुटत होती. एम ८४ एस ० टाकलं, मग मुद्दाम जॉब थांबवून चहा घेऊन आलो, पंधरा मिनिटांनी परत सुरू केला, पहिला पार्ट जागेवर. एवढ्याशा ओळीसाठी मी बेल्ट दोनदा बदलला होता.

आता आरसा. आईच्या पावडरच्या डबीतला गोल आरसा घेतला. बेडवर ठेवला, लाइट बंद, मोबाइलचा टॉर्च बाजूने. स्क्रीनवर काळं वर्तुळ दिसलं, त्याच्या आत लेन्सची बारीक चमक, आणि ते क्रॉसहेअरच्या चांगलं वर. आरसा गोल फिरवून बघितला, चमक तिथेच राहिली, म्हणजे आरसा तिरका नाही, कॅमेराच तिरका. ब्रॅकेटच्या बोल्टातलं अंतर बरोबर २० मिमी. पितळी पत्र्याची ०.५ ची शिम कापली, वरच्या दोन बोल्टांखाली घातली, घट्ट केलं, आणि ती चमक सरकत सरकत क्रॉसहेअरच्या केंद्रावर येऊन बसली. त्या वेळी वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो, पण मोठ्याने ओरडलो.

मग कागदी फिड्यूशल बेडवरून काढून जिगवर बोर्डच्याच उंचीला लावला, आणि इश्यूज अँड सोल्युशन्स पहिल्यापासून, ताईंनी सांगितल्या क्रमाने. बॅकलॅश त्याने स्वतः मोजला, ग्राफ दाखवला, दोन्ही अक्षांवर डायरेक्शनल कॉम्पेन्सेशन सुचवलं ते स्वीकारलं. टेपची चाचणी परत केली. वायची सरासरी आता मायनस ०.०२.

गोल मात्र अजून आहे, ०.१२ चा. नोझल टिपचं कॅलिब्रेशन करायला गेलो तर सकाळी होतं आणि दुपारी चारनंतर एररच येते.

रेणुका_पुणे · शुक्रवार, सकाळी ८:१०

वाचून सकाळ छान झाली दादा.

दुपारी चार आणि सकाळी ठीक, तर खिडकी पश्चिमेला आहे का? खालचा कॅमेरा वर बघतो, म्हणजे त्याला नोझलच्या मागे छत, ट्यूबलाइट, खिडकीचं ऊन सगळं दिसतं. ऊन आलं की कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर चित्र काळं करतं आणि नोझलचं टोक शोधणाऱ्या पाइपलाइनला (चित्र तपासायच्या पायऱ्यांना) वर्तुळ सापडत नाही. तीन गोष्टी करा. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद करून आकडे पक्के ठेवा, वरच्या कॅमेऱ्यालाही. खालच्या कॅमेऱ्याभोवती काळ्या चार्ट पेपरची नळी करा, आणि एलईडी रिंगवर दुधी ॲक्रिलिक बसवा म्हणजे सोल्डरच्या टोकांवर ठिपके चमकणार नाहीत. आणि नोझलच्या मागची गोल चकती हिरवी करा. बॉटम व्हिजनच्या मूळ पाइपलाइनमध्ये हिरवा रंग झाकायची पायरी आधीच असते, कारण नोझलच्या मागे हिरवं असलं की पार्ट उठून दिसतो. मी हिरवा रेडियम स्टिकर गोल कापून लावलाय, नेलपॉलिश पण चालतं पण ते चकाकणारं नको.

मग नोझल टिपचं रनआउट कॅलिब्रेशन करा. सॉफ्टवेअर नोझल थोडी थोडी फिरवत प्रत्येक कोनात तिचं टोक कुठे जातं ते बघतं आणि तेवढं वजा करत राहतं. टिप बदलली की ते परत व्हायला हवं, सेटिंगमध्ये टिप बदलल्यावर आपोआप करायचा पर्याय आहे तो निवडा.

आणि रेझिस्टरचं बंद केलेलं बॉटम व्हिजन परत चालू करा, प्री-रोटेटसकट. पार्ट ज्या कोनात बसणार त्या कोनात आधी फिरवून मग फोटो काढला जातो, त्यामुळे उचलताना झालेली चूक आणि रनआउट दोन्ही एकदमच धरले जातात. प्रत्येक पार्टला अर्धाएक सेकंद जास्त जाईल. जाऊ दे.

सांगलीचा_पोरगा · शुक्रवार, सायंकाळी ५:०५

मी हे सगळं वहीत उतरवून घेतोय. फीडरचं कोणी सांगेल का, आपोआप सरकणारे फीडर बनवावेच लागतात का?

बंगळुरूची_मेघा · शुक्रवार, रात्री ९:३०

नाही रे, सुरुवातीला अजिबात नको. रीलमधून पट्टी कापायची आणि बेडवर डबल टेपने सरळ चिकटवायची, ओपनपीएनपीत स्ट्रिप फीडर निवडायचा. पट्टीला जी गोल भोकं असतात ती बरोबर ४ मिमीवर असतात, सगळ्या कंपन्या ते पाळतात. पहिलं भोक आणि शेवटचं भोक कॅमेऱ्याने दाखवलं की बाकीचं ते मोजतं. ८ मिमीच्या पट्टीत पार्टचा खिसा भोकाच्या रेषेपासून ३.५ मिमी आत आणि दोन भोकांच्या मधोमध असतो. ०६०३ ला खिसे ४ मिमीवर, ०४०२ ला २ मिमीवर, ते पार्ट पिचमध्ये नीट भर, नाहीतर एक सोडून एक पार्ट उचलेल.

वरची पारदर्शक फिल्म हळू काढ. थंडीत हवा कोरडी असली की फिल्मबरोबर पार्ट उडतात, मी एकदा शंभरेक कपॅसिटर फरशीवरून वेचलेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टीतली दिशा. पार्ट पट्टीत कसा झोपलाय आणि किकॅडमध्ये (बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ० अंश म्हणजे कसा, हे दोन्ही वेगळे असू शकतात. ते फीडरच्या रोटेशनमध्ये भरायचं असतं. रेझिस्टरला ९० चुकलं तर लगेच दिसतं, डायोडला १८० चुकलं तर बोर्ड चालू करेपर्यंत कळत नाही. पहिल्या बोर्डवर प्रत्येक डायोड, प्रत्येक एलईडी आणि आयसीचा एक नंबर पाय भिंगाखाली बघच.

पंपवाला_नाशिक · रविवार, दुपारी २:५०

खिडकी पश्चिमेलाच आहे ताई. चार्ट पेपरची नळी लावली, एक्स्पोजर पक्कं केलं, हिरवं स्टिकर लावलं. काल मुद्दाम साडेचारला ऊन अंगावर असताना कॅलिब्रेशन केलं, पहिल्या फटक्यात झालं. गोल ०.१२ वरून ०.०३ वर आला.

आज पहिला खरा बोर्ड केला, पेस्ट मारून. ६४ पैकी ६१ पार्ट जागेवर, ३२ पायांचा मायक्रोकंट्रोलर सुद्धा, त्याचे पाय पॅडवर असे बसले की वहिनी भिंगातून बघत राहिली. बोर्डवर दोनच फिड्यूशल होते, तिसरा पुढच्या लॉटला घालतोय. मेघाताईंनी सांगितलं म्हणून डायोड बघितले, एक उलटा निघाला, फीडरचं रोटेशन १८० ने बदललं.

उरलेले तीन पार्ट म्हणजे ०६०३ चे कपॅसिटर, ते ठेवले जातात पण नोझल वर जाताना परत चिकटून वर येतात आणि अर्ध्या रस्त्यात पडतात. प्लेस ड्वेल (ठेवल्यावर थांबायचा वेळ) ३०० मिलिसेकंद केला तर एकच चिकटला, पण मशीन फार हळू वाटतंय. कोणाला अनुभव?

श्टुटगार्टकर · रविवार, सायंकाळी ७:१५

व्हॉल्व्ह कुठे बसवलाय? पंपाजवळ असेल तर हेडपर्यंतची सगळी नळी व्हॅक्यूमने भरलेली राहते आणि ती रिकामी व्हायला वेळ लागतो. व्हॉल्व्ह हेडवर आणा, नोझलच्या शक्य तितका जवळ, आणि तीन तोंडांचाच घ्या म्हणजे बंद झाला की नोझलची बाजू थेट बाहेरच्या हवेला उघडते. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह नुसता पंप तोडतो, नळीतलं ओढणं तसंच राहतं. व्हॉल्व्हच्या कॉइलवर उलटा डायोड आहे ना? नसेल तर तो बंद होताना जो झटका बसतो त्याने यूएसबी कॅमेरा मध्येच गायब होतो, तेव्हा परत सॉफ्टवेअरवर शंका येईल.

उद्यमनगर_टूलरूम · रविवार, रात्री ८:००

व्हॉल्व्ह हेडवर आणला की हेडचं वजन वाढंल. बसवल्यावर आरसा परत एकदा ठेवून बघा आणि टेपची चाचणी परत करा. ती वही जपून ठेवा.

पंपवाला_नाशिक · बुधवार, रात्री ९:४०

व्हॉल्व्ह पंपाजवळच होता, दोन तोंडांचा, नळी सव्वा मीटर. बुधवार पेठेतून एका मित्राने तीन तोंडांचा पाठवला, आज हेडवर बसवला, डायोड लावला. ड्वेल ८० वर आणला. चमक क्रॉसहेअरवरून केसभर हलली होती, शिमखाली ०.०५ चा पत्रा अजून घातला.

चार बोर्ड सलग केले. २५६ पार्ट, एकही चिकटला नाही, दोन कपॅसिटर किंचित तिरके होते ते ओव्हनमध्ये स्वतःच सरळ झाले. चारही बोर्ड टेस्टिंगला पास. वहिनीने आज चिमटा हातात घेतला तो फक्त एक कनेक्टर बसवायला, तोही खुर्चीत नीट टेकून बसून. आईने आरसा परत मागितला, तिला नवा आणून दिला, जुना मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

सांगलीच्या भावा, सुट्टीत नाशिकला आलास तर वर्कशॉपला ये, मशीन उघडून दाखवतो. माझी मशीन फाइल आणि वहीतले आकडे उद्या इथेच चढवतो.